यूसीएससी की एन्सेम्बल : थॅलेसेमियाच्या प्रयोगशाळेने काय निवडावे?

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरात सिंधी समाजाची मोठी वस्ती आहे आणि या समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते. त्यामुळे ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात जनुकीय तपासणी नव्याने सुरू करणाऱ्याला एचबीबी हे (हिमोग्लोबिनमधील बीटा ग्लोबिन या प्रथिनाचे) जनुक टाळता येत नाही. सीक्वेन्सिंगचा (डीएनएचा क्रम वाचण्याचा) निकाल हाती आल्यावर तो कोठे पडताळावा, यूसीएससी जीनोम ब्राउझरवर की एन्सेम्बलवर, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. दोन्ही जनुकसंच पाहण्याची संकेतस्थळे आहेत : पहिले अमेरिकेतील सांताक्रूझच्या विद्यापीठाचे, दुसरे इंग्लंडमधील हिंक्सटनच्या युरोपीय जैवमाहिती संस्थेचे. संकेतस्थळावरचा वापर दोन्हीकडे विनामूल्य आहे आणि मानवी जनुकसंचाचा मूळ क्रमही एकच आहे. फरक आहे तो मांडणीचा आणि हाताशी मिळणाऱ्या अवजारांचा.

त्याआधी असेंब्लीचा, म्हणजे संदर्भ जनुकसंचाच्या कोणत्या आवृत्तीवर काम करायचे याचा, निर्णय करावा लागतो. भारतात सर्वाधिक आढळणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल, जुन्या अहवालांत ‘आयव्हीएस १-५ जी ते सी’ (पहिल्या इंट्रॉनच्या, म्हणजे जनुकातील गाळल्या जाणाऱ्या भागाच्या, पाचव्या अक्षरावर ‘जी’ऐवजी ‘सी’) असा लिहिला जाणारा, २००९ च्या जीआरसीएच ३७ मध्ये अकराव्या गुणसूत्रावर ५२४८१५५ या स्थानी येतो, तर २०१३ च्या जीआरसीएच ३८ मध्ये ५२२६९२५ या स्थानी. म्हणजे २१,२३० बेसचे (डीएनएतील अक्षरांचे) अंतर. जुना आकडा नव्या असेंब्लीत टाकला, तर आपण गॅमा ग्लोबिनच्या परिसरात जाऊन पोहोचतो, आणि तोही ग्लोबिनचाच समूह असल्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. मी स्वतः एकदा अशा चुकीमागे आख्खी दुपार घालवली आहे. जुन्या असेंब्लीवरच काम करणे भाग असेल, तर यूसीएससीकडे झुकावे, कारण एन्सेम्बलच्या जीआरसीएच ३७ संकेतस्थळावरील जनुकांची आखणी २०१४ च्या आसपास गोठवलेली आहे.

डोळ्यांनी पाहण्याच्या कामात यूसीएससी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लिनव्हार (बदल आणि आजार यांच्या संबंधांचा साठा), नोमॅड (लोकसंख्येतील बदलांच्या प्रमाणाचा साठा), प्रजातींमधील साम्य आणि स्वतःची फाइल हे सर्व एकाखाली एक पट्ट्यांत दिसते. एचबीबी उलट दिशेच्या धाग्यावर असल्यामुळे जनुकातील ‘जी’ येथे ‘सी’ दिसतो आणि नवशिका गोंधळतो. मात्र चित्र उलटे करणारे बटण तेथेच आहे. सिंधी आणि पंजाबी कुटुंबांत वारंवार आढळणाऱ्या ६१९ बेसच्या लोपासाठी तर यूसीएससीची इन-सिलिको पीसीआर (संगणकावरच पीसीआर करून पाहण्याची) ही सोय फारच उपयोगी पडते. प्रायमरची (तुकड्याची दोन टोके ठरवणाऱ्या छोट्या डीएनए साखळ्यांची) जोडी टाकली की अपेक्षित तुकड्याची लांबी कळते आणि तिच्यातून ६१९ वजा केले की लोप असलेल्या प्रतीचा पट्टा जेलवर कोठे दिसायला हवा तेही ठरते. शेजारच्या एचबीडी जनुकाशी एचबीबीचे बरेच साम्य असल्यामुळे प्रायमर भलतीकडे चिकटतात की काय, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

बदलांची यादी मोठी असेल, तर मात्र एन्सेम्बलच्या व्हीईपीला (बदलाचा जनुकावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या साधनाला) तोड नाही. ‘११ ५२२६९२५ ५२२६९२५ सी/जी +’ एवढी ओळ दिली की हा बदल स्प्लाइस डोनरच्या (इंट्रॉन सुरू होण्याच्या जागेच्या) पाचव्या बेसवर आहे, असा शेरा मिळतो. एकाच बदलासाठी प्रत्येक ट्रान्सक्रिप्टची (जनुकाच्या आरएनए प्रतीची) वेगळी ओळ येते आणि नवखा माणूस त्या गर्दीत हरवतो. तेव्हा मेन सिलेक्ट ही खूण असलेली ओळ धरावी, कारण त्या ट्रान्सक्रिप्टवर अमेरिकेची एनसीबीआय ही जैवमाहिती संस्था आणि एन्सेम्बल यांचे एकमत आहे. यूसीएससीतही बदलांवर शेरे देणारे साधन आहे, पण रोजच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

दोन्हींमध्ये ये-जा करणाऱ्याने मोजणीकडे लक्ष ठेवावे. यूसीएससीच्या पडद्यावर मोजणी एकपासून होते, पण टेबल ब्राउझरमधून (माहिती तक्त्यात उतरवण्याच्या सोयीतून) उतरवलेल्या बेड फाइलमध्ये (स्थानांच्या यादीत) ती शून्यापासून होते. वरचाच बदल तेथे ५२२६९२४ ते ५२२६९२५ असा दिसतो. शिवाय यूसीएससी गुणसूत्राच्या क्रमांकाआधी ‘सीएचआर’ लावते, एन्सेम्बल लावत नाही, आणि एवढ्याशा कारणाने दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

रुग्णांची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ द्यायची नसेल, तर व्हीईपी आणि तिचा माहितीसाठा स्वतःच्या संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतो. यूसीएससीचा ब्राउझरही आभासी संगणकाच्या रूपात मिळतो. रबाळे किंवा महापे एमआयडीसीतल्या खासगी प्रयोगशाळेने येथे परवाना वाचावा : एन्सेम्बलची संगणक प्रणाली अपाची परवान्याखाली व्यवसायासाठीही खुली आहे, तर यूसीएससीची ब्राउझर प्रणाली, ब्लॅट (क्रम शोधणारे साधन) आणि लिफ्टओव्हर (एका असेंब्लीतील स्थाने दुसरीत नेणारे साधन) स्वतःच्या संगणकावर व्यवसायासाठी बसवायचे असल्यास सशुल्क परवाना घ्यावा लागतो.

महिन्याला मोजकेच नमुने असतील आणि ते केवळ एचबीबीपुरते असतील, तर यूसीएससीचे संकेतस्थळ आणि जीआरसीएच ३८ एवढ्यावर काम निभते. संपूर्ण एक्झोम (सर्व जनुकांचे प्रथिने ठरवणारे भाग) वाचायचे असतील, तर पहिल्या दिवसापासून व्हीईपी स्वतःच्या संगणकावर बसवावी, आणि संशयास्पद ठरलेली स्थाने तेवढी यूसीएससीत उघडून पाहावीत.