सानियाची वाट की सोमदेवची?
मावसभावाचा रात्री फोन: "दादा, पोरगी सोळाची झाली. टेनिसमध्ये थेट प्रोफेशनल करू की अमेरिकेत कॉलेजला धाडू?"

सानिया मिर्झा २००३ मध्ये, सोळाव्या वर्षीच व्यावसायिक झाली. वडील इम्रान हेच कोच. सोमदेव देववर्मन आधी व्हर्जिनिया विद्यापीठात गेला, २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकेचा कॉलेज विजेता ठरला आणि मग व्यावसायिक स्पर्धांत उतरला.

खर्च बघा. पहिल्या वाटेवर विमान, हॉटेल, कोच, अगदी रॅकेटच्या तुटलेल्या तारासुद्धा घरच्या खिशातून. छोट्या स्पर्धांच्या बक्षिसांत हे भागत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेजात बराच भार संघ उचलतो.

वेळेत मात्र कॉलेजवाला मागे. सानियाने अठराव्या वर्षी हैदराबादची स्पर्धा जिंकली. सोमदेव चेन्नई ओपनच्या फायनलला पोचला तेव्हा तेवीसचा होता. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तिची सर्वोत्तम जागा २७वी, त्याची ६२वी.

दुखापतींमुळे सानियाने २०१३ मध्ये एकेरी सोडली, पण २०१५ मध्ये दुहेरीत जगात अव्वल झाली. असं दुसरं दार सगळ्यांना उघडत नाही. पदवी निदान हातात राहते.

मुलगी आत्ताच ज्युनियर ग्रँड स्लॅम (विम्बल्डनसारख्या बड्या स्पर्धांचा ज्युनियर गट) खेळत असेल आणि घरातलं एक माणूस पूर्णवेळ तिच्यासोबत फिरू शकत असेल, तर सानियाची वाट. नाहीतर सोमदेवची. आमची पुतणी अजून राज्य स्पर्धांतच आहे. भावाला म्हटलं, आधी बारावी होऊ दे.