छपराचे पत्रे सोडले तर झकास बालवाडी (गंगापूर रोड, आतल्या गल्लीत)

लेकीला जूनमध्ये इथे टाकलं, सात महिने झाले म्हणून लिहितोय. शिकवतात कसं ते बाकीच्यांनी लिहिलंच आहे, मी बिल्डिंगबद्दल लिहितो कारण ॲडमिशनच मी बिल्डिंग बघून घेतली (बायको अजून टोमणे मारते).

आधीचा प्लेग्रुप म्हणजे रो-हाऊसचा तळमजला, भिंतीभर कार्टून, बाहेर प्लॅस्टिकचं हिरवं गवत जे एप्रिलच्या उन्हात असं तापायचं की पोरं पाय उचलून उचलून चालायची, आणि बेसिन मोठ्यांच्या उंचीचं, त्यामुळे हात धुवायला मावशी एकेकाला उचलणार आणि बाकीचे रांगेत रडणार.

इथे आत आल्याआल्या दिसले ते नळ. पोरांच्या पोटाशी येतील एवढ्या उंचीवर. साबणाने हात धुवायचे आत आहेत, बाहेरचे दोन निव्वळ खेळायला, आणि त्यांच्या खाली शहाबादीची उथळ पन्हळ आहे ती उतरत उतरत वाळूच्या हौदात जाते. पोरं तिथे दगड लावून धरण बांधतात. आमची परवा बाथरूममध्ये जाळीवर पाय ठेवून मला दाखवत होती, "बाबा, अडवलं की पाणी वर येतं, मग बाजूने पळतं." साडेतीन वर्षांची आहे, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

खिडक्यांचे कट्टे फूटभरच उंच, त्यामुळे पोरगं स्वतः जाऊन बसतं आणि बाहेरच्या कडुलिंबावरची खार बघतं. दोन बाजूंना रुंद पडवी आहे, पावसाळ्यात सगळा दंगा तिथेच, आणि आत्ताच्या कडाक्याच्या थंडीत सकाळचं ऊन पूर्वेच्या पडवीत येतं तर डबे तिथेच उघडतात. मागे मातीचा छोटा उंचवटा आहे, घसरगुंडी त्याच्या उतारावरच बसवलीये, म्हणजे पडलं तरी मातीत.

जपानात टोकियोजवळ ताचिकावाला फुजी बालवाडी आहे, 2007 ची, तेझुका नावाच्या आर्किटेक्ट नवराबायकोने केलेली, तिचं छप्पर गोल आहे आणि पोरं त्याच्यावर पळत सुटतात, झाडंसुद्धा छपरातून वर काढलीयेत. व्हिडिओ बघून मी पण वेडा झालेलो. पण आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे पोरं शाळेत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथे कुठली बिल्डिंग न् कुठलं काय. इथल्या मॅडमच्या डोक्यात हे पक्कं असावं, कारण अंगणावर खर्च केलाय, गेटवर नाही.

आता तक्रार. मधल्या हॉलला पत्रे आहेत, खाली सीलिंग नाही. जुलैत पाऊस लागला की बाईंचं बोलणं मुलांना ऐकूच जात नाही, आणि एरवीसुद्धा गुळगुळीत फरशी अन् उघड्या भिंतींमुळे तीस पोरांचा आवाज नुसता घुमतो. ह्या वयात शब्द नीट कानावर पडायलाच हवेत हो. दुसरं, दाराच्या बिजागरीच्या फटीला रबरी पट्टी नाही, बोट सापडायला किती वेळ लागतो. लेकीचं थोडक्यात वाचलं. सांगितल्यावर दोन दारांना लावली, टॉयलेटचं राहिलंच. पार्किंगचं विचारू नका, रिक्षाने या.

सीलिंग मेच्या सुट्टीत करतो म्हणालेत. सध्या चार स्टार, जुलैत पाऊस चालू असताना हॉलमध्ये उभा राहून पाचव्याचं बघतो.