मक्शेनचा वार्षिक बायबल वाचनक्रम: चिकाटीच्या कसोटीवर

जानेवारीत हौसेने सुरू केलेलं बायबलवाचन मार्चपर्यंत बारगळतं आणि खापर फुटतं वाचणाऱ्याच्या विश्वासावर. पुष्कळदा दोष वाचनक्रमाचा असतो. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सरळ वाचत गेलं की निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. मग लेवीयाचे २७ अध्याय, त्यामागून गणनेतल्या याद्या. गोष्ट थांबते, नियम उरतात, आणि इथेच गळती लागते.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले पाळक रॉबर्ट मरे मक्शेन यांनी आपल्या सेंट पीटर्स मंडळीसाठी १८४२ साली केलेला वाचनक्रम हीच गोम ओळखतो. रोज चार रकाने: दोन कुटुंबात वाचायचे, दोन एकांतात. १ जानेवारीला उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. वर्षाअखेर जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. एप्रिलमध्ये लेवीय येतंच, पण शेजारच्या रकान्यात स्तोत्रं चालू असतात. एक धागा रुक्ष झाला तरी उरलेले तीन ओढून नेतात.

या रचनेची खरी करामत पाहायची तर ६ मे उघडा. पहिल्या रकान्यात गणना १४: कनान देश पाहून आलेल्या हेरांचा अहवाल ऐकून इस्राएल लोक रात्रभर रडतात, दुसरा पुढारी नेमून मिसर देशाला परत जाऊ म्हणतात. चौथ्या रकान्यात इब्री ११: मागे सोडलेल्या देशाची आठवण धरली असती तर परतायची संधी होतीच, असं ते पूर्वजांबद्दल सांगतं. त्याच अध्यायात २९वं वचन तांबड्या समुद्राचं आणि ३०वं थेट यरीहोच्या तटाचं आहे. मधली रानातल्या भटकंतीची चाळीस वर्षं गाळलेली! धीर कुठे सुटतो आणि कशावर टिकतो, हे दोन्ही एका बैठकीत समोर येतं. चिकाटीवरची अख्खी प्रवचनमाला इतकं सांगत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे प्रमाण. पुनरावृत्ती धरून एकूण १५९९ अध्याय होतात, म्हणजे दिवसाला सरासरी ४.३८. वाचायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, मनन करायचं तर नाही. तीन दिवस चुकले की तेरा अध्याय थकतात. ते एका रात्रीत उरकायला बसलेला माणूस वाचत नसतो, थकबाकी फेडत असतो. म्हणून चुकलेलं सोडून द्यावं, आजची तारीख काढावी आणि पुढे जावं. खूण दिवसावर न करता प्रत्येक रकान्यावर वेगळी करावी, म्हणजे दोनच वाचले तरी तो दिवस वाया गेला असं वाटत नाही. फारच धावपळ असेल तेव्हा दुसरा रकाना तेवढा सोडू नये. नवा करार आणि स्तोत्रं त्या एकट्या रकान्यात वर्षभरात एकदा पूर्ण होतात.

दुसरी खोट यिर्मयाची. ते पुस्तक जुलै-ऑगस्टमध्ये येतं आणि त्यातले प्रसंग काळाच्या क्रमाने नाहीत: २१व्या अध्यायात सिद्कीया राजा, २५व्यात त्याच्या आधीचा यहोयाकीम. यरुशलेम कसं पडलं हे सांगणारा २ राजे २५ मात्र नोव्हेंबरात. त्यामुळे वाचक महिना-दीड महिना अंधारात चाचपडतो. यिर्मया सुरू करण्याआधी २ राजे २४ आणि २५ वाचून घ्यावेत, निम्मी अडचण तिथेच सरते.

कुटुंबासाठीच्या रकान्यांबद्दलही सावध राहायला हवं. उत्पत्ती १९, ३४, ३८ आणि शास्ते १९ हे मुलांसमोर वाचायला अवघड प्रसंगांचे अध्याय सगळे त्यातच आहेत. घरात लहान मुलं असतील तर आदल्या रात्री नजर टाकून ठेवलेली बरी.

अॅपपेक्षा छापील तक्ता उजवा. सलग दिवसांची साखळी मोजणारं अॅप पहिले दोन महिने जोर देतं, पण एका आजारपणाने साखळी तुटून आकडा शून्यावर आला की वाचनही सुटतं. खुद्द मक्शेन यांनी आपल्या वाचनक्रमाचे धोके मांडून ठेवले होते: नुसता उपचार, आपण फार धार्मिक आहोत असा समज, निष्काळजी वाचन आणि न पेलणारं जू. विकणारे सहसा एवढे प्रामाणिक नसतात.

नव्याने सुरू करणाऱ्याने चारही रकाने घेऊ नयेत. पहिल्या वर्षी पहिला-दुसरा, पुढच्या वर्षी तिसरा-चौथा. नवा करार आणि स्तोत्रं तरीही दरवर्षी होतात, जुना करार दोन वर्षांत. रोजचं वाचन दोन-अडीच अध्यायांवर येतं, आणि ते बहुतेकांना झेपतं. चार रकाने त्यांनीच घ्यावेत ज्यांची रोजच्या वाचनाची वेळ आधीच ठरलेली आहे, मग ती पहाटेची असो की जेवणानंतरची. बायबलमध्ये चार वाचनखुणा ठेवाव्यात, नाहीतर पानं शोधण्यातच पाच मिनिटं जातात. लीप वर्षात २९ फेब्रुवारीला बहुतेक तक्त्यांत वाचन नसतं. मागे राहिलेल्यांनी तो दिवस वापरून घ्यावा.