पडवीतला बाक: स्क्रूचा की कुसूचा?

पहिल्यांदा बाक करायला घेतला की जो तो लाकडाबद्दल सांगतो. साग घे, फणस घे, आकेशिया नको. ते बरोबरच आहे. पण किनाऱ्यालगतच्या घरात बाक किती टिकणार, हे लाकडापेक्षा त्याच्या सांध्यांवर जास्त ठरतं, असं माझं मत झालं आहे. गुहागरकडच्या आमच्या घरी मी दोन बाक केले, आधी स्क्रूचा आणि दोन वर्षांनी कुसूचा, म्हणजे एका लाकडाचं बारीक केलेलं टोक (कुसू) दुसऱ्यातल्या भोकात बसवून जोडलेला. दोन्ही फणसाचे, चार फुटी, एकाच पडवीत. रात्री गाज ऐकू येते इतका समुद्र जवळ आहे.

स्क्रूच्या बाकाचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. शनिवारी सकाळी हात घातला आणि रविवारी संध्याकाळी आम्ही त्यावर चहा प्यायलो. करवत, गुण्या आणि ड्रिल एवढ्यावर काम होतं. माप चुकलं तर स्क्रू काढायचा आणि पुन्हा लावायचा. कुसूच्या कामात पायाचं भोक सैल कोरलं गेलं की तो पाय बाद. हाताला सवय नसेल, गणपतीला चार दिवस उरले असतील आणि माणसं बसवायची असतील, तर मीसुद्धा स्क्रूच घेईन.

दुसऱ्या वर्षी वैशाखात तो बाक डुगडुगायला लागला. मला वाटलं, सैल झालाय, आवळू. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती काळंनिळं कडं आलं होतं. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, एकत्र आलं की असा डाग पडतो. पेचकस लावला, अर्धा आटा फिरला आणि डोकं तुटून हातात आलं. खालचा दांडा लाकडात तसाच, गंजून फुगलेला. दुसऱ्या स्क्रूचं डोकं तुटलं नाही, पण त्याची खाच झिजली आणि पेचकस नुसता फिरत राहिला. आठ सांध्यांतले तीन सांधे असे झाले. आवळता येईनात, काढता येईनात, बाजूला नवं भोक पाडावं तर ड्रिल जुन्या लोखंडावर आपटे. स्क्रू गंजतील हे गृहीत धरलं होतं. पण दुरुस्तीची वाटच बंद होईल, हे मनात आलं नव्हतं. चांगलं फणसाचं लाकूड, घरच्या झाडाचं, आणि ते चार आण्याच्या लोखंडापायी अडकून बसलेलं बघून फार वाईट वाटलं.

सैल का होतं, तेही सांगतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि हे सगळं रुंदीत होतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. माझी बारा इंची फळी श्रावणात मोजली तर मे महिन्यापेक्षा तीनेक मिलिमीटर जास्त भरते. स्क्रू मात्र जागचा हलत नाही. मग दरवर्षी लाकूडच त्याच्याभोवती चेपत जातं आणि भोक मोठं होतं. त्यात खारा वारा. पिवळा मुलामा असलेले स्क्रू लावले तरी आवळतानाच डोक्यावरचा मुलामा खरवडला जातो, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

कुसूचा बाक मी शेजारच्या वाडीतल्या सुतारकाकांना विचारून विचारून केला. आडपट्टीच्या टोकाला कुसू काढायचं, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं. पायात पटाशीने तेवढंच भोक कोरायचं. आणि आरपार बांबूची खुंटी मारायची. ‘खुंटीचा बांबू चुलीवरच्या माळ्यावरचा घे, धुरात वाळलेला,’ काकांनी बजावलं होतं. कोरडी खुंटी नंतर हवेतली ओल घेऊन थोडी फुगते आणि घट्ट बसते.

खरी खुबी भोकाच्या जागेत आहे. पायातलं खुंटीचं भोक आधी पाडायचं. मग कुसू आत घालून त्यावर खूण करायची, पुन्हा बाहेर काढायचं आणि कुसूतलं भोक त्या खुणेपासून दीड मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं तिकडे, सरकवून पाडायचं. निमुळती खुंटी मोगरीने मारत गेलं की ती या दोन भोकांना एका रेषेत आणू पाहते आणि आडपट्टी पायात खेचली जाते. फट डोळ्यांदेखत मिटते. मोगरीचा आवाजही बदलतो, आधी बद्द आणि शेवटी खणखणीत. तो आवाज आला की थांबायचं, नाहीतर पाय चिरतो. ना क्लॅम्प लागत, ना गोंद.

वेळ मात्र लागतो. आठ भोकांपैकी पहिली चार कोरायला मला दोन दिवस लागले, आणि त्याआधी दोन टाकाऊ तुकड्यांवर हात बसवावा लागला. इथे फणस सोयीचा. पटाशीला तो बराच दयाळू आहे. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. साग हलतो कमी, हेही खरंच. कोणतंही लाकूड घ्या, गाभ्याचं घ्या. कडेचं पांढरं लाकूड कीड आधी खाते. नवा फणस हळदीसारखा पिवळाजर्द दिसतो, काही वर्षांत तो तांबूस तपकिरी होतो, तेव्हा रंग बघून घाबरू नका.

हा दुसरा बाकही एकदा सैल झाला, दुसऱ्याच उन्हाळ्यात. खुंट्या मागच्या बाजूला अर्धा इंच बाहेर ठेवल्या होत्या. मोगरी घेतली, प्रत्येकीला दोन टोले दिले, झालं. आईने चहा टाकला होता, तो उकळायच्या आत. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. तुमचं घर घाटाच्या पायथ्याशी असेल तर कदाचित स्क्रूही वर्षानुवर्षं टिकतील, ते मी अनुभवलेलं नाही.

वरची फळी मात्र मी या बाकावरही स्क्रूनेच बसवली आहे, पण स्टेनलेसच्या, आणि आडपट्टीतलं भोक लांबट ठेवून, म्हणजे फळीला फुगायला जागा राहते. स्टेनलेस घेताना ३१६ प्रतीचं मागा. नेहमीच्या ३०४ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू नसतो, आणि खाऱ्या हवेत गंज रोखायला तोच उपयोगी पडतो. पायांच्या बुडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं आहे, वाळवीसाठी. ते कातडी भाजतं, म्हणून हातमोजे घालून लावा आणि बसायच्या फळीला मुळीच लावू नका.

फळ्या दिवाळीनंतर आणा, सावलीत मध्ये पट्ट्या घालून रचा आणि काम शिमग्यानंतर धरा. आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आत खुंट्या मारून झाल्या पाहिजेत. पावसाळ्यात, फुगलेल्या लाकडात कोरलेला सांधा पुढच्या मे महिन्यात उघडतो.