एचओ की एन? आधी डबा मोजा, मग गाडी घ्या

हॉलच्या कोपऱ्यात ६ बाय ४ फुटांचा प्लाय बसतो, त्यावर छोटी मॉडेल आगगाडी पळवायची आहे. मग एचओ घ्यावी की एन, म्हणजे मॉडेल गाड्यांच्या या दोन मापांपैकी मोठं की लहान? बहुतेक जण किमतीवरून ठरवतात. आमच्या मते आधी डब्याची लांबी बघावी.

एचओचं प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एनचं १:१६० आणि ९ मिमी. एलएचबी डबा (आपल्या रेल्वेचा नवा लांब प्रवासी डबा) कपलरसकट, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यासकट, साधारण २४ मीटरचा, म्हणजे एचओत २७६ मिमी आणि एनमध्ये १५० मिमी. वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान अडीचपट हवी. तिप्पट असली तर गाडी दिसतेही छान. अडीचपट म्हणजे एचओला ६९० मिमी, एनला ३७५ मिमी. दोन्ही कडांना ५० मिमी सोडले तर एचओला जवळजवळ दीड मीटर रुंदी लागते, आणि ४ फूट म्हणजे फक्त १२२० मिमी. एनचं काम ८५० मिमीत भागतं.

इथेच पुष्कळांची फसगत होते. सुरुवातीच्या एचओ सेटमध्ये १८ इंची, म्हणजे ४५७ मिमी त्रिज्येची वळणं मिळतात. त्यांवर इंजिन आणि आखूड वाघिणी बिनतक्रार फिरतात. लांब डबे जोडले की त्यांची टोकं रुळाबाहेर झुकतात, कपलर आडवा ओढला जातो आणि गाडी मागे ढकलताना एखादी बोगी उतरते. दोष रुळाचा वाटतो, पण असतो त्रिज्येचा.

गाडीची लांबीही मोजा. इंजिन आणि ८ एलएचबी डबे एचओत सुमारे २.४५ मीटर होतात, म्हणजे ६ फुटांच्या प्लायपेक्षा लांब! एनमध्ये तीच गाडी १.३५ मीटरच्या आत बसते. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा असेल तर एचओला साधारण ८० मिमी उंची हवी, एनला ५० मिमी. दर मीटरला २ सेंमी चढ धरला तर चढणीची लांबी अनुक्रमे ४ मीटर आणि २.५ मीटर.

मग एचओ का घ्यावी? कारण भारतीय इंजिनं आणि डबे बहुतांशी याच प्रमाणात मिळतात, रंगकाम आणि दुरुस्ती बोटांना जमते, आणि डीसीसीचा (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणाऱ्या डिजिटल पद्धतीचा) डीकोडर ८ किंवा २१ पिनांच्या सॉकेटमध्ये नुसता खोचता येतो. जुन्या एन इंजिनांत सॉकेट नसतं. चासी घासून जागा करावी लागते. एक उणीव मात्र मान्य करायला हवी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, एचओत तो १९.३ मिमी व्हायला हवा. १६.५ मिमीच्या रुळावर डबे थोडे अरुंद पायांवर उभे दिसतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. छोटी गाडी चालताना कशी दिसते ते खरेदीआधी तिथे बघून यावं.

एनची खरी अडचण वजनाची. हलकं इंजिन धुळीच्या बारीक थरावरही अडखळतं, कारण चाकाला वीज मिळत नाही. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा. सँडपेपर मुळीच नको, त्याच्या ओरखड्यांत मळ घट्ट बसतो. विजेसाठी फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) विसंबू नका. दर दीड-दोन मीटरला रुळाला वीज देणारी वायर झाळा. मुंबई-कोकणच्या हवेत लोखंडी रूळ गंजतो, म्हणून दोन्ही प्रमाणांत निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचाच घ्या. प्लाय पावसाळ्यात वाकू नये म्हणून खाली लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना पॉलिश हवंच.

लांब एक्स्प्रेस पळताना बघायची असेल तर एन. यार्डातलं शंटिंग आणि भारतीय इंजिनं आवडत असतील तर एचओ, पण भिंतीलगतच्या अरुंद फळीवर, वर्तुळाचा हट्ट सोडून. माथेरानच्या गाडीची ओढ असेल तर तिसरी वाट आहे: १:८७ चं बांधकाम आणि खाली एनचाच ९ मिमी रूळ. मूळ गेज ६१० मिमीचा असल्याने रूळ थोडा रुंद भासेल, पण वळणं खूप आखूड घेता येतात.

पैसे देण्याआधी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, २७६ मिमी आणि १५० मिमी. प्लायवर खिळा ठोकून दोऱ्याने ६९० आणि ३७५ मिमीचे कंस काढा, पट्ट्या त्यांवर ठेवा आणि एचओचा कंस प्लायच्या कुठल्या कडेबाहेर जातो ते बघा.