को-ऑपच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर: ११ महिने वापरल्यानंतर

आमचा होमस्कूल को-ऑप, म्हणजे मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून वर्ग चालवण्यासाठी केलेला गट, अमेरिकेत टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्को भागात आहे. दर शुक्रवारी एका चर्चच्या ९ खोल्या भाड्याने घेऊन भरतो. ६४ कुटुंबं, १३१ मुलं, आणि चिमुरड्यांच्या मातीकामापासून हायस्कूलच्या जीवशास्त्रापर्यंत २६ वर्ग. बहुतेक वर्ग आम्ही आईवडीलच घेतो. नोंदणीचं काम तीन वर्षं माझ्याकडे आहे. पहिली दोन वर्षं ऑनलाइन फॉर्म, एक्सेलचा तक्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप यांवर काढली. गेल्या मे महिन्यात पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं. त्यावर आता सभासदत्वाची एक आणि वर्गांच्या दोन नोंदण्या पार पडल्या आहेत.

सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका छोट्या कंपनीचं आहे, खाली तक्रारीही आहेत, आणि आमच्या अडचणी तुमच्या गटाला येतीलच असं नाही.

बदल का करावा लागला ते आधी सांगते. जीवशास्त्राच्या वर्गात १२ मुलं बसतात, कारण आमच्याकडे मायक्रोस्कोप ६ आहेत आणि एकावर दोघं. दोन वर्षांपूर्वी फॉर्म रात्री ८ वाजता उघडला आणि पहिल्या सहा मिनिटांत १९ नावं आली. जागा संपल्याचं फॉर्मला कळत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच ‘नोंदणी झाली’ अशी पोच गेली. दुसऱ्या दिवशी मला सात घरी फोन करावे लागले. त्यातली एक मुलगी वर्षभर या वर्गाची वाट पाहत होती. बेडकाच्या तासासाठी तिने स्वतःच्या हाताने अ‍ॅप्रन शिवून ठेवला होता. तिच्या आईशी बोलताना मला शब्द सुचेनात. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं त्याच रात्री ठरवलं.

शोधायला लागल्यावर कळलं की बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक, मंडळं आणि सभासद संस्थांसाठीचा, उदाहरणार्थ वाइल्ड अ‍ॅप्रिकॉट. तिथे किंमत तुमच्या यादीत किती माणसं आहेत त्यावर ठरते. दुसरा, शिकवण्या आणि उन्हाळी शिबिरं चालवणाऱ्यांसाठीचा. को-ऑपला दोन्ही लागतं, कारण सभासद होतं ते घर, आणि वर्गात बसतं ते मूल. कुठलंही सॉफ्टवेअर पाहताना मी पहिली हीच परीक्षा घेतली: तीन मुलांचं एक खोटं कुटुंब तयार करायचं, तिघांना वेगवेगळ्या वर्गांत घालायचं, मग मधल्याचा एक वर्ग रद्द करायचा. पाचपैकी तिघांत आईला प्रत्येक मुलासाठी पत्ता, फोन, डॉक्टरचं नाव पुन्हा भरावं लागलं. ती तिथेच बाद झाली.

उरलेल्या दोघांतून जे निवडलं, ते त्यांच्या डेमोच्या वेळच्या एका प्रश्नामुळे. समोरच्या बाईंनी विचारलं, “तुमच्याकडे जागा रिकामी झाली तर पुढे कोणाचा नंबर?” आमच्या समितीत चौघी. एक म्हणाली, ज्याचं नाव आधी आलं त्याचा. दुसरी म्हणाली, ज्या घरातलं कोणी शिकवतं त्यांचा. मी म्हणाले, ज्याचं भावंड त्याच तासाला दुसऱ्या वर्गात आहे त्याचा. चौथी गप्प बसली, आणि नंतर म्हणाली की आजवर ती ज्या घराची जास्त अडचण दिसेल त्याला जागा देत आली आहे. इतकी वर्षं आम्ही एकाच नियमाने चाललोय असं प्रत्येकीला वाटत होतं. त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोन पानी नियमावली लिहिली. विकत घ्यायच्या आधी जे कोणी हे वाचत असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: ही दोन पानं आधी लिहा, मग डेमो बघा. सॉफ्टवेअर तुमचा नियम पाळतं, तुमच्यासाठी नियम ठरवत नाही. आणि जिथे नियमच नाही तिथे कंपनीने आधीपासून लावून ठेवलेली सेटिंग तुमचा नियम होऊन बसते.

हे आम्हाला अनुभवानेच कळलं. प्रतीक्षायादीतल्या पुढच्या घराला किती वेळ द्यायचा, हे आमच्या दोन पानांत राहून गेलं होतं. सेटिंग होती १२ तासांची. ऑगस्टमध्ये रात्री दीड वाजता कोणीतरी जागा सोडली, लगेच पुढच्या आईला ईमेल गेला. ती नर्स आहे, रात्रपाळीला होती, घरी येऊन झोपली. दुपारी उठून ईमेल उघडला तेव्हा जागा पुढच्याकडे गेलेली. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं, अन्याय मात्र आमच्या हातून झाला. आता ४८ तास ठेवलेत आणि ईमेलबरोबर एसएमएसही जातो.

टप्प्याटप्प्याने नोंदणी उघडणं हे या सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोठं सुख. आधी शिकवणारी घरं, दोन दिवसांनी जुने सभासद, मग नवे. प्रत्येक गटाला आपापल्या वेळीच दार उघडतं. वर्ग निवडला की जागा १५ मिनिटं राखली जाते, त्यामुळे डेंटनहून येणाऱ्या घराला तिन्ही मुलांचे तास सकाळचे जुळवून मगच पैसे भरता येतात. यंदा जीवशास्त्राच्या १२ जागा ४ मिनिटांत भरल्या आणि मला एकही फोन करावा लागला नाही.

पैशांचं थोडक्यात. कार्डाचे पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत येतात, त्यांचा अमेरिकेतला साधा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. ३०० डॉलर एकदम भरले तर ९ डॉलर जातात, तेच १०० डॉलरचे तीन वर्ग वेगवेगळे भरले तर ९.६०. म्हणून सगळं एकाच वेळी भरा, असं आम्ही नोंदणीच्या पानावर वरच लिहिलं आहे. नोंदणी रद्द करून पैसे परत केले तरी हे शुल्क परत येत नाही, तेव्हा ते कोणी सोसायचं हेही आधी ठरवा. पुण्यात माझी मावसबहीण ११ घरांचा असाच गट चालवते. ती यूपीआयवर पैसे घेते, तिला हा हिशोबच करावा लागत नाही.

आता तक्रारी. जन्मतारखेचा रकाना महिना-दिवस-वर्ष असा आहे आणि शेजारी तसं लिहिलेलं नाही. एका घरी आजोबांनी बसून सगळा फॉर्म नीट भरला, नातवाचा ७ नोव्हेंबर आपल्या पद्धतीने ०७/११ लिहिला. यंत्राने तो ११ जुलै धरला. रोबोटिक्सला १ सप्टेंबरला दहा वर्षं पूर्ण लागतात, नातू सहज आत आला. नोव्हेंबरात त्याने वर्गात वाढदिवसाची चॉकलेटं वाटली आणि ‘आज मी दहा वर्षांचा झालो’ म्हणाला, तेव्हा शिक्षिकेच्या लक्षात आलं. त्याला काढलं नाही, पण बाहेर प्रतीक्षायादीत थांबलेल्या मुलाचं मला वाईट वाटलं. कंपनीला कळवल्यावर त्यांनी महिना अक्षरांत निवडायची सोय करून दिली. त्याला सात आठवडे लागले.

दुसरी तक्रार गंभीर आहे. चर्चच्या तळघरात नेटवर्क धड येत नाही, म्हणून दर शुक्रवारी मी वर्गांच्या याद्या छापून नेते. छापताना उजवीकडचा शेवटचा रकाना कापला जात होता, आणि तोच अ‍ॅलर्जीचा. पडद्यावर सगळं दिसत होतं, म्हणून दोन शुक्रवार ते ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी बेकिंगच्या ताईंनी यादी उलटसुलट करून विचारलं, “शेंगदाण्याचं कोणाला आहे ते कुठे लिहिलंय?” त्यांच्या टेबलावर पीनट बटरची बरणी होती आणि समोर ज्याच्या दप्तरात एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीवर तातडीने द्यायचं इंजेक्शन) असतं तो मुलगा. बरणी उघडली नव्हती. त्या दिवसापासून अ‍ॅलर्जीचा रकाना नावाच्या लगेच पुढे घेतला आहे, आणि तरीही मी अशा मुलांच्या नावावर हाताने पिवळा मार्कर फिरवते. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, चाचणीच्या काळात एक यादी कागदावर छापून पाहाच.

एक फायदा मला घेताना सुचलाही नव्हता. टेक्ससमध्ये होमस्कूल हे खासगी शाळेत मोडतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली लीपर खटल्यात ते कायम केलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व यांचा लेखी अभ्यासक्रम हवा, पण सरकारकडे नाव नोंदवावं लागत नाही. हे स्वातंत्र्य आम्ही जपतो. मात्र कॉलेजचा अर्ज भरायची वेळ आली की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांचा आणि गुणांचा तक्ता, आईलाच तयार करावं लागतं, आणि कोणत्या सत्रात मुलाने काय केलं ते जुन्या ईमेलांत शोधत बसावं लागतं. आता प्रत्येक मुलाच्या पानावर सत्र, वर्ग, शिक्षक आणि हजेरी एकत्र मिळते. आमच्या एका बारावीच्या मुलाच्या आईने ते पान छापून समोर ठेवलं आणि अर्ध्या तासात को-ऑपच्या चार वर्षांच्या विषयांची यादी पुरी केली.

सॉफ्टवेअरची वर्गणी पुढच्या महिन्यात भरायची आहे. समितीत माझं मत ‘पुन्हा घ्या’ असंच आहे. त्याआधी या रविवारी सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेणार आहे, आणि त्या दोन पानांत तिसरं पान जोडायला चौघी पुन्हा माझ्याकडे जमणार आहोत. पहिला मुद्दा ठरलाय: सत्राच्या मध्यात एखादं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं तर त्याची जागा कोणाला द्यायची.