हॅबिट ट्रॅकर अ‍ॅप: कामाचं काय आणि नुसता देखावा काय

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर काही बाबतीत चांगलीच तक्रार आहे आणि दुसरं म्हणजे हॅबिट ट्रॅकर म्हणून स्टोअरमध्ये जी रांग लागलीये त्यातली बहुतेक अ‍ॅप्स आतून सारखीच आहेत. रंग वेगळे, आयकॉन वेगळा, आत तेच. रोजच्या गोष्टींची यादी, प्रत्येकीसमोर एक गोल, केलं की टिक, आणि सलग किती दिवस झाले त्याचा आकडा. माझा वापर साधा आहे, सकाळचा व्यायाम, रोज थोडं वाचन, आणि कामाला बसल्यावर पहिला तासभर फोनला हात लावायचा नाही. काही महिने झाले वापरतोय, नव्याचे नऊ दिवस कधीच संपलेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

थोडक्यात मत असं की अ‍ॅप ठेवण्यासारखं आहे, पण ज्या फीचरची ते जाहिरात करतं तेच त्यातलं सगळ्यात फालतू फीचर आहे आणि जे खरं कामाचं ते ‘आणखी पर्याय’ वर टॅप केल्याशिवाय दिसतच नाही.

आधी ती जाहिरात. उघडल्या उघडल्या पहिल्या स्क्रीनवर येतं, ‘२१ दिवसांत नवी सवय!’ आणि खाली चॅलेंज सुरू करायचं मोठं बटण. हे २१ दिवस आले कुठून माहितीये का? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात. किमान! आणि तेही चेहऱ्याची. पुढे त्यातलं ‘किमान’ गळालं, चेहरा पण गळाला, आणि उरलं ते या अ‍ॅपच्या पहिल्या स्क्रीनवर येऊन बसलं. खरा अभ्यास झाला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांचा, २०१० ला छापून आला. ९६ लोक होते, प्रत्येकाने एक नवी गोष्ट निवडून ८४ दिवस रोज करायचा प्रयत्न केला. गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण सरासरीपेक्षा फरक बघा, कोणाला १८ तर कोणाला २५४. (अभ्यासच ८४ दिवसांचा होता मग २५४ कसे, तर तो आकडा आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.) पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. म्हणजे अ‍ॅप बाविसाव्या दिवशी स्क्रीनभर रंगीत कागद उधळून ‘अभिनंदन, सवय लागली’ म्हणतं तेव्हा व्यायामवाल्यांचा अर्धा रस्ता पण झालेला नसतो. नेमका तिथेच माणूस निवांत होतो आणि ये रे माझ्या मागल्या.

आता ती साखळी, म्हणजे स्ट्रीक. यावर माझा खरा राग आहे. नावासमोर ज्वाळेचं चित्र, त्यात सलग दिवसांचा आकडा, आणि एक दिवस चुकला की रात्री बाराच्या ठोक्याला ज्वाळा राखाडी आणि आकडा सरळ शून्य. मागच्या दोन महिन्यांत एकच दिवस खाडा झाला असेल तरी शून्यच. ज्याने कधी काहीच केलं नाही त्याचा पण शून्य आणि तुमचा पण शून्य. वर त्याच लॅलीच्या अभ्यासात हेही दिसलंय की मधे एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर म्हणावा तसा परिणाम होत नाही. म्हणजे ज्या गोष्टीने सवयीचं काही बिघडत नाही त्याच गोष्टीसाठी अ‍ॅप सगळ्यात मोठी शिक्षा देतं, आणि त्या शिक्षेने मात्र बिघडतं, कारण शून्य बघितल्यावर ‘गेलंच आहे तर आता सोमवारपासून बघू’ हे डोक्यात यायला वेळ लागत नाही. एक दिवसाचा खाडा मग आठवड्याचा होतो. शिवाय उलटं पण होतं, आकडा मोठा झाला की लोक तो आकडाच सांभाळायला लागतात, रात्री पावणेबाराला अंथरुणात पुस्तकाचं एक पान डोळ्यासमोरून फिरवायचं आणि टिक. हे वाचन नव्हे, ही ज्वाळेची सेवा झाली!

रात्री बाराचा नियम पण कोणी विचार करून ठेवलाय असं वाटत नाही. जे लोक उशिरापर्यंत जागून काम करतात किंवा रात्रपाळी करतात त्यांचा दिवस बाराला संपत नाही. सेटिंगमध्ये ‘दिवस किती वाजता संपतो’ हे बदलता येतं का बघा, माझ्या अ‍ॅपमध्ये आहे पण चार पायऱ्या खाली. पहाटे तीन किंवा चार करून टाका.

बॅजेसबद्दल थोडंच लिहितो. दहा वेळा केलं की तांब्याचा, मग चांदीचा, मग सोन्याचा, आणि मित्रांबरोबर क्रमवारी. जे करायला अजिबात आवडत नाही त्याला सुरुवातीचा धक्का म्हणून ठीक, पण जे मुळात आवडतं त्याला हे लावू नका. १९७३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. बालवाडीतली, मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली, काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर बक्षीस ठरवून चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात घालवत होती. आणि न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. वाचनाचे बॅजेस मी हे आठवूनच बंद केले, व्यायामाचे तेवढे राहू दिले होते.

आता चांगलं काय ते. नवी सवय टाकताना अ‍ॅप नाव, रंग, आयकॉन आणि रिमाइंडरची वेळ विचारतं. बहुतेक जण सात वाजताचा रिमाइंडर लावतात, सातला फोन वाजतो, तेव्हा आपण भलत्याच कामात असतो, बोटाने बाजूला सारतो, झालं. चारपाच दिवसांनी तर तो वाजलेला कळत पण नाही. पण ‘आणखी पर्याय’ मध्ये एक रकाना आहे, ‘कशानंतर?’ असा. तिथे वेळ नाही, रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट लिहायची. मी व्यायामासमोर लिहिलं ‘दात घासून झाले की लगेच, बाथरूमच्या दारातून बाहेर येताच चटई अंथरायची’. एवढं बारीक. नुसतं ‘सकाळी व्यायाम’ नाही. फरक खरंच पडला, कारण मग ‘आत्ता करू का थोड्या वेळाने’ हा प्रश्नच उरत नाही, ब्रश जागेवर ठेवला की पाय चटईकडे. यामागे पण अभ्यास आहे, पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिलं, ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवलं तर नुसत्या निश्चयापेक्षा ते काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. एवढी महत्त्वाची गोष्ट आणि ती आयकॉनच्या रंगापेक्षा खाली ठेवलीये, काय बोलणार.

दुसरं आवडलेलं म्हणजे ‘आज सुट्टी’ बटण. आजारी असाल, प्रवासात असाल तर ते दाबलं की दिवस चुकला असं न धरता तो मोजणीतूनच बाजूला काढतं. आणि स्ट्रीक लपवून त्याजागी ‘गेल्या ३० दिवसांत किती टक्के’ असं दाखवायची सोय आहे, ती ताबडतोब चालू करा. तीसपैकी सव्वीस दिवस म्हणजे ८७ टक्के, बघून बरं वाटतं आणि एक दिवस चुकला तर आकडा थोडासाच हलतो, कोसळत नाही. मला वाटतं या एका सेटिंगने अर्धे आरंभशूर टिकतील.

होम स्क्रीनवरचं विजेट पण वापरा, अ‍ॅप उघडायलाच लागत नाही. हे छोटं वाटेल पण टिक करायला फोन उघडला, वर तीन नोटिफिकेशन दिसली, त्यातलं एक बघितलं आणि वीस मिनिटं गेली, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. प्रॉडक्टिव्ह व्हायचं अ‍ॅप आणि त्याच्यापायीच वेळ जातो म्हणजे कमाल आहे.

फ्री व्हर्जनमध्ये तीनच सवयी टाकता येतात, रिव्ह्यूंमध्ये यावरून लोक जाम वैतागलेत. माझ्या मते तीच अ‍ॅपची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात माणूस ध्यान, धावणं, डायरी, नवी भाषा, पहाटे उठणं असं दहा-बारा टाकतो आणि दुसऱ्या आठवड्यात सगळंच बंद. बेंजामिन फ्रँकलिनने सुद्धा १३ गुणांची यादी केली होती, वहीत आठवड्याच्या सात दिवसांचे रकाने आखून जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा, पण लक्ष मात्र एका आठवड्यात एकाच गुणाकडे. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. तो माणूस एका वेळी एकच धरत होता आणि आपल्याला बारा हवेत! मर्यादा काढायला पैसे भरायची गरज मला तरी वाटली नाही, पेडमध्ये बाकी थीम, आयकॉन आणि मोडलेली स्ट्रीक वाचवायचं काहीतरी आहे, म्हणजे आधी शिक्षा त्यांनीच करायची आणि माफी पण त्यांनीच विकायची.

सोबत एक टायमर दिलाय, २५ मिनिटं काम ५ मिनिटं विश्रांतीवाला, पोमोडोरो. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर ही पद्धत सुरू केली म्हणून ते नाव, इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. कंटाळवाण्या कामाला, टाळत आलेल्या ईमेल्सना एकदम भारी आहे, ‘२५ मिनिटंच तर आहेत’ म्हणून माणूस बसतो तरी. पण लिखाणात किंवा किचकट कामात सूर लागलेला असताना बेल वाजली की चिडचिड होते. वेळ वाढवता येते, मी पन्नासवर नेलीये, आणि बेल बंद करून नुसतं व्हायब्रेशन ठेवलंय.

रोज सकाळी येणारे प्रेरणादायी सुविचार पहिल्याच दिवशी बंद केले, त्यावर जास्त काही लिहावं असं नाही.

कोणी घेऊ नये? ज्यांची गोष्ट आधीच बसलीये त्यांनी. माझा व्यायाम आता टिकसाठी होत नाही, किती वेळा टिक करायचंच राहून जातं आणि चटई मात्र अंथरलेली असते, म्हणून तो मी यादीतून काढून टाकला आणि त्या जागी दुसरं टाकलं. काढताना एक सांभाळा, सवय डिलीट केली की तिची सगळी नोंद पण जाते आणि परत आणता येत नाही, त्यापेक्षा ‘अर्काइव्ह’ करा. बॅकअप हवा असेल तर सेटिंगमधून एक्सपोर्ट होतं, फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडते, फक्त तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटसुलट येतात ते एकदा तपासून घ्या. पाचपैकी साडेतीन देतो, आणि ‘कशानंतर?’ हा रकाना पहिल्या स्क्रीनवर आणला तर चार.